हाफव्हाइट घर

रंगाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. आमच्या गिऱ्हाइकांना हे माहीत आहे आणि आमच्या ह्यांना तर लग्नानंतर पहिल्या महिन्यातच कळलं होतं. नाशिकच्या मेन रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत आमचं मॅचिंग सेंटर आहे. दोन्ही भिंतींना जमिनीपासून माळ्यापर्यंत ब्लाउजपीस, अस्तरं आणि फॉल रचलेले, मधे एका माणसाने अंग आडवं करून जावं एवढी वाट, आणि पुढे काउंटर. बाई पिशवीतून साडी काढते, काउंटरवर पसरते, मी एकदा बघते आणि रचलेल्या गठ्ठ्यातून एकच पीस ओढते. दुसरा ओढायची वेळ सहसा येत नाही. पैसे, बिलं, सुरतच्या व्यापाऱ्यांशी भांडणं हे सगळं ह्यांच्याकडे, रंग माझ्याकडे. ह्यांना राणी आणि मजेंटा यांतला फरक आजही कळत नाही आणि त्याचं त्यांना काही वाटतही नाही. उद्या माझा डोळा गेला, तर त्या दुकानात मी नुसती घड्या घालणारी बाई उरेन, हे मला पक्कं ठाऊक होतं. फक्त असं काही होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आमच्या धंद्यात रंग आठवणीवर देत नाहीत. साडी घरी विसरून आलेली बाई "डाळिंबी होता हो, पण जरा आमसुलीकडे झुकणारा" असं कितीही रंगवून सांगू लागली, तरी आम्ही सांगतो, साडी घेऊन या. पीस साडीच्या शेजारी ठेवायचा, दोन्ही घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात यायचं आणि एक डोळा बारीक करून बघायचं. मी डावा मिटते आणि उजव्याने बघते. येवल्याची पैठणी असेल, उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, तर ती हलवून दोन्ही अंगांनी बघायची. अशी साडी जुळवून दिली की मला दिवसभर दुसरं काही लागत नाही. जेवणसुद्धा नाही, असं हे म्हणतात, पण ते खोटं आहे.

आमची एकुलती एक मुलगी या सगळ्यापासून लांब पळाली. शाळेत असताना तिला काउंटरवर बसवलं की ती पुस्तक उघडायची. "मला रंगातलं काही कळत नाही, आई," हे तिचं ठरलेलं वाक्य, आणि मीही ते खरं धरून चालले. ती इंजिनिअर झाली, बेंगळुरूला नोकरीला लागली. मग मधे सगळ्यांचीच ऑफिसं घरात आली तेव्हा तीही लॅपटॉप घेऊन इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये येऊन बसली. काम संपलं की गेम.

त्या गेममध्ये मारामारी असते म्हणतात, पण तिने आणि तिच्या तीन मैत्रिणींनी ती बंद करून ठेवली होती. मोकळी जमीन, टेकड्या, एक नदी, आणि आपण घरं बांधायची. पाया, भिंत, खांब, छप्पर, कठडा असे सुटे तुकडे मिळतात, ते एकमेकांना जोडत जायचे. एका रविवारी सकाळी मी तिला चहा द्यायला गेले, स्क्रीनकडे बघितलं आणि कप हातातच राहिला. पोपटी भिंती, त्यांवर गुलाबी छप्पर आणि दाराला जांभळा रंग.

"हे कुणी केलं?"

"मी. का?"

"अगं, लग्नाच्या मांडवातसुद्धा एवढे रंग एकत्र आणत नाहीत."

"मग तू कर," असं म्हणून तिने माउस माझ्याकडे सरकवला. तिला वाटलं असेल, आई हसेल आणि स्वयंपाकघरात जाईल. मी खुर्ची ओढून बसले. त्या दिवशी दुकानात मी उशिरा गेले आणि का, ते ह्यांना सांगितलं नाही.

तुकड्यावर जाऊन एक बटण दाबलं की रंगांची पाटी उघडते. वर तयार रंग असतात, सगळे बटबटीत. खाली आपला रंग आपण करायची सोय आहे. लाल, हिरवा आणि निळा असे तीन दांडे, आणि प्रत्येक दांड्यावर सरकणारी एक गोटी. तीन गोट्या इकडेतिकडे करून जगातला कुठलाही रंग निघतो. लाल आणि हिरवा मिळून पिवळा होतो, हे मला पटायला एक अख्खा रविवार गेला, कारण आमच्याकडे कापड रंगवणाऱ्याच्या पातेल्यात असं काही होत नाही. पण मला काय हवं ते आधीपासून दिसत होतं. गोट्या कुठे न्यायच्या एवढंच शिकायचं होतं. मग मी आमसुली केला, केतकी केला, चिंतामणी केला, आनंदी केला. नावं देऊन साठवून ठेवले. तोच रंग दगडाच्या तुकड्याला लावला की बसका दिसतो, लाकडाला लावला की उबदार आणि पत्र्याला लावला की चकाकतो. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. सुती खणावरचा डाळिंबी आणि सिल्कवरचा डाळिंबी हे दोन वेगळे रंग असतात, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते. गेममध्ये सूर्य उगवतो आणि मावळतोही, म्हणून मी दुपार होईपर्यंत थांबायचे, मगच रंग पक्का करायचे.

मुलीच्या मैत्रिणींनी ते घर बघितलं आणि त्या वेड्याच झाल्या. "काकू, आमचंपण करा ना." काकूंना तेवढंच हवं होतं. मुलगी पुन्हा बेंगळुरूला गेली तेव्हा तिचा जुना कॉम्प्युटर आणि हेडफोन माझ्यासाठी ठेवून गेली, आणि रविवारचा नेम ठरला. सकाळी दुकान ह्यांनी उघडायचं, मी दुपारपर्यंत घरी. तिकडून मुलगी आणि तिच्या मैत्रिणी यायच्या, इकडून मी. नदीकाठी त्यांची घरांची एक अख्खी गल्ली उभी राहिली आणि तिचा एकूण एक तुकडा मी रंगवला. मुलीच्या घराला हळदी भिंती आणि विटकरी छप्पर. तिच्या कळवणच्या मैत्रिणीच्या घराला मेहंदी भिंती. कुणाला काय हवं ते मी विचारलं नाही. त्यात विचारायचं काय?

माझं स्वतःचं घर मी सगळ्यात शेवटी बांधलं. गल्लीच्या टोकाला, नदी वळते तिथे, सगळ्यांपेक्षा उंच. त्याच्या भिंतींना मला हाफव्हाइट हवा होता. ज्यांना रंगातलं कळत नाही त्यांना तो सगळ्यात सोपा वाटतो, पण आमच्या धंद्यात त्याच्याइतका अवघड रंग नाही. पांढऱ्यात किंचित साय. जरा जास्त झाली की पिवळा, कमी झाली की दवाखान्यातली चादर. मी कितीतरी रविवार त्या एका रंगावर घालवले. काही केल्या भिंत पिवळट दिसायची. मी निळी गोटी थोडी पुढे सरकवायचे, दुपार झाली की डावा डोळा मिटून बघायचे, पुन्हा पिवळट. पुन्हा निळी पुढे. शेवटी एका रविवारी साधला. गोटी मला वाटलं होतं त्यापेक्षा बरीच पुढे गेली होती, पण मी आकड्यांकडे बघत नाही, रंगाकडे बघते. मी मुलीला हाक मारली. तिचा छोटा माणूस पळत पळत नदीकाठी आला आणि घरासमोर उभा राहिला.

"कसं झालंय?"

तिने घराभोवती एक फेरी मारली. मग म्हणाली, "वेगळं झालंय, आई."

"वेगळं म्हणजे?"

"म्हणजे... छान. तू इतक्यात डोळे तपासलेस का गं?"

"डोळ्यांचा इथे काय संबंध?"

तिने विषय वाढवला नाही. दिवाळीला आली तेव्हा पुन्हा एकदा काढला, आणि मी करंजीचं सारण ढवळता ढवळता तिला उडवून लावलं. म्हटलं, माझ्या डोळ्यांवर हे घर चाललंय, त्यांची काळजी तू करू नकोस.

मग संक्रांत आली. संक्रांतीला काळ्या साड्यांचा सीझन असतो आणि काळ्यावर काळा पीस देणं हे काम मी झोपेतही करीन. सायखेड्याची एक बाई आमची जुनी गिऱ्हाईक. तिची काळी साडी होती, बारीक जरीच्या काठाची. मी पीस काढला, साडीशेजारी ठेवला, पायरीवर नेऊन डावा डोळा मिटून बघितला, दिला. आठवड्याने ती परत आली. चिडलेली नव्हती, उलट तीच अवघडली होती.

"ताई, ह्यो पीस काळा नाय. निळा हाय."

"निळा? उन्हात बघून दिला होता ना मी तुम्हाला?"

"तुम्ही दिला म्हनून तं मी पाह्यलंच नाय. शिवून आनला, हळदीकुंकवाला घातला, तं समद्या बाया मला इचारू लागल्या, निळं काऊन घातलं म्हून. लय वाईट वाटलं बघा."

मी ब्लाउज हातात घेतला, उलटासुलटा केला. मला तो काळाच दिसत होता. पण गिऱ्हाईक समोर उभं होतं, म्हणून मी म्हटलं, "शिवताना शिंप्याकडे बदलला असेल," आणि तिला दुसरा पीस बदलून दिला. तो ह्यांनी काढला. मग मी दुकानातल्या दिव्यांवर घसरले. हे नवे दिवे फार पांढरे आहेत, यांच्या उजेडात गडद रंग कळत नाहीत, बदला. ह्यांनी बिचाऱ्यांनी अख्ख्या दुकानाचे दिवे बदलले. पायरीवर तर सूर्याचा उजेड असतो, तिथे दिव्यांचा काय संबंध, हे त्यांच्या डोक्यात आलं असणार. पण रंगाचं खातं माझं, म्हणून ते बोलले नाहीत.

त्यानंतरच्या एका रविवारी आम्ही सगळ्या गेममध्ये होतो. नदीवर पूल बांधायचा चालला होता. कळवणची मैत्रीण लाकडं आणायला गेली होती आणि तिला आमची जागा सापडेना. दुसरीने तिला सांगितलं, "सरळ ये, काकूंच्या निळ्या घरापाशी थांब. आम्ही तिथेच आहोत."

मी म्हटलं, "कुठलं निळं घर?"

मग ती पोरगी चाचरत म्हणाली, "तुमचं, काकू. टोकाचं."

"ते हाफव्हाइट आहे."

एकीनेही माझी बाजू घेतली नाही. मी म्हटलं, तुमच्या स्क्रीन बिघडल्यात सगळ्यांच्या. चौघींच्याही. मग मी हेडफोन काढला आणि ह्यांना हाक मारली. ते दुकानात जायला निघाले होते, एक पाय चपलेत.

"या घराच्या भिंतीचा रंग कोणता?"

"निळा," ते म्हणाले.

"नीट बघा."

"नीट बघूनच सांगतोय. फिकट निळा."

"तुम्हाला राणी आणि मजेंटा कळत नाही."

"ते खरं आहे," ते म्हणाले, "पण हा निळा आहे." आणि दुसरी चप्पल घालून ते निघून गेले. त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता, ते माझ्याशी भांडतच नव्हते. मी पुन्हा हेडफोन घातला. मैत्रिणी निघून गेल्या होत्या. मुलगी एकटीच थांबली होती, माझ्या दारासमोर.

"आई, माझं एक ऐकशील? फक्त एकदा."

"बोल."

"उजवा डोळा हाताने झाक. आणि भिंतीकडे बघ."

मी झाकला. भिंत निळी झाली.

मी हात काढला, डावा झाकला. भिंत हाफव्हाइट. पुन्हा उजवा झाकला. निळी. मी किती वेळा तसं करत बसले ते मला माहीत नाही. एकीकडे मुलगी "आई? आई, दिसतंय का काही?" असं विचारत होती आणि मी आलटून पालटून डोळे झाकत होते. ज्या डोळ्याने मी आयुष्यभर रंग पारखले तोच खोटं बोलत होता. जो मी प्रत्येक वेळी मिटून घेत होते त्याला खरं दिसत होतं. मला भीती वाटली. आमचं दुकान, तो काउंटर, तिथे उभी राहिलेली मी, हे सगळं कुणीतरी माझ्या हातून काढून घेतंय असं वाटलं. मी मुलीला एवढंच म्हटलं, "दिसतंय," आणि कॉम्प्युटर बंद केला.

डोळ्याच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. उजव्यात पिकत आलेला, डाव्यात नुकता धरू लागलेला. डोळ्यातलं भिंग हळूहळू पिवळं होत जातं, म्हणाले, रोज इतकं थोडं की माणसाला कळतच नाही. मग मला माझं दुकानही उमगलं. साडी आणि पीस शेजारी ठेवले की दोन्ही त्याच पिवळ्या भिंगातून दिसत होते, दोघांवर सारखाच पिवळा चढत होता, म्हणून जुळणी चुकत नव्हती. फसत होते ते फक्त काळ्यापाशी टेकलेले गडद रंग, निळा सगळ्यात आधी, कारण मला ते काळेच दिसत. गेममध्ये मात्र शेजारी ठेवायला काही नव्हतं. तिथे मी आठवणीतला हाफव्हाइट करायला बसले होते, आणि जे आम्ही गिऱ्हाइकाला कधी करू देत नाही ते मी स्वतः रविवार रविवार बसून केलं होतं.

ऑपरेशन म्हटलं की लोक डॉक्टरांना विचारतात, स्वयंपाक कधीपासून करू, डोक्यावरून अंघोळ कधी करू. मी विचारलं, "रंग परत दिसतील का?"

"दिसतील," ते म्हणाले. "सुरुवातीला निळा जरा जास्तच दिसेल. घाबरू नका."

"निळ्याला मी घाबरत नाही," मी म्हटलं. तसं ते सगळंच खरं नव्हतं.

ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत दुकान तर चालवायचं होतं. डाव्यातही धरू लागला होता, त्याच्यावरही माझा भरवसा उरला नव्हता, म्हणून मी ह्यांना सांगितलं, काळा आणि नेव्ही आता तुम्ही बघा. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग आम्ही दोघं पायरीवर उभं राहायचो, एक साडी, दोन पीस. ते म्हणायचे, "मला हा निळसर वाटतोय." मी म्हणायचे, "मला दोन्ही सारखे." मग ते म्हणायचे, "तर मग तो नको." अख्ख्या आयुष्यात आम्ही रंगावर एवढं कधी बोललो नव्हतो. गल्लीतली बाकीची दुकानं बघत असायची आणि मला त्याची लाज वाटायची नाही. गिऱ्हाइकाला चुकीचा पीस देण्यापेक्षा ते बरं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या दिवशी घरी येताना रिक्षातून मी नुसती बघत होते. दुकानांच्या पाट्या, सिग्नलला उभ्या मुलीची ओढणी, समोरच्या माणसाचा शर्ट, सगळं कुणीतरी नुकतंच धुऊन वाळत घातल्यासारखं दिसत होतं. हे विचारत होते, "काय बघतेस?" मी म्हटलं, "पांढरा." पांढरा रंग मी किती दिवसांनी बघत होते, ते मलाही माहीत नव्हतं. मला रडू आलं. डोळ्यात पाणी आणायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून ह्यांनी रिक्षात बसल्या बसल्या मला ओरडायला सुरुवात केली, आणि मग मी हसले.

दुकानात पहिल्या दिवशी मी काळ्याचा कप्पा उपसला. काळ्या पीसच्या गठ्ठ्यात नेव्ही होते, गडद जांभळे होते, एक तर चक्क बाटलीहिरवा होता. सगळे माझ्याच हाताने लावलेले. मी ते एकेक काढून त्यांच्या जागी ठेवले, त्यात एक तास गेला. त्यानंतर येवल्याची एक धूपछाँव पैठणी आली, जांभळा आणि राणी. मी एकदा बघितलं आणि एकच पीस ओढला. बाई खूश झाली. ती गेल्यावर ह्यांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी लक्ष दिलं नाही, पण आतून इतका आनंद झाला की दुपारी मी ह्यांच्या डब्यातलीही भाजी खाल्ली.

स्क्रीनसमोर बसायची परवानगी त्यानंतर काही आठवड्यांनी मिळाली. रविवार होता. मुलगी तिकडे आधीच येऊन थांबली होती. मी गेममध्ये शिरले आणि नदीकाठाने चालत माझ्या घरापाशी आले. घर निळं होतं. फिकटसुद्धा नाही, चांगलंच निळं, धोतराला नीळ जास्त पडावी तसं. मला हसू फुटलं. एवढं मोठं घर, तेही सगळ्यात उंच, आणि मी छाती पुढे काढून त्याला हाफव्हाइट म्हणत होते. मुलगीही हसायला लागली. आम्ही दोघी बराच वेळ हसत होतो.

मग मी मागे वळून गल्लीकडे बघितलं आणि माझं हसू थांबलं. ते रंग माझे नव्हते, आणि नुसत्या नव्या डोळ्याने एवढा फरक पडत नाही. मुलीच्या घराच्या हळदी भिंती मी केल्या होत्या, त्या आता कच्च्या लिंबासारख्या थंड पिवळ्या होत्या. विटकरी छप्पर जांभळट, कोनफळी झालं होतं. मेहंदी घर शेवाळी. खांब, कठडे, पायऱ्या, कुठे थोडी राख मिसळलेली, कुठे जांभळा झुकवलेला. एवढे दिवस मी त्याच गल्लीतून ये-जा करत होते आणि माझ्या उजव्या डोळ्याला त्यातलं काही दिसलं नव्हतं. आता दिसत होतं ते असं, की ती सगळी घरं माझ्या निळ्या घराला धरून रंगवली होती. माझं घर टोकाला उपटसुंभासारखं उभं राहायला हवं होतं, पण ते तिथे असं शोभत होतं, जणू गल्ली त्याच्यासाठीच बांधली आहे. मी एकेका घरासमोर जाऊन उभी राहिले, खोट काढायला. नव्या डोळ्याने, गेममधल्या भर दुपारी. एकही छटा चुकलेली नव्हती.

"हे रंग कुणी बदलले?"

"मी," मुलगी म्हणाली.

"कधी?"

"तू तुझं घर केलंस त्यानंतर. हळूहळू. तुझं घर फार एकटं दिसत होतं गं."

"मग माझ्याच भिंती बदलायच्या होत्या."

"त्यांच्यावर तू इतके रविवार बसली होतीस. माझ्याने हात लाववेना."

"म्हणजे तुला तेव्हापासून माहीत होतं. आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"मी दोनदा विचारलं तुला डोळ्यांचं." ती म्हणाली, "आणि रंग चुकलाय हे तुला सांगणार कोण, आई?"

ती चिडून बोलली नव्हती, जे होतं तेच तिने सांगितलं. मला राग आला. पण तो कुणावर काढायचा ते कळेना. मी तिच्या छपराकडे बघत राहिले. शाळेपासून रंगातलं काही कळत नाही म्हणणारी माझी मुलगी, आणि हा कोनफळी. मला तो बसवायला दोन रविवार लागले असते. तरी जन्माची सवय, तोंडातून निघालंच.

"छपरात लाल थोडा वाढव."

"वाढवू?"

"वाढव."

तिने गोटी सरकवली. छप्पर तापल्यासारखं झालं, शेजारची भिंत मेली आणि माझं निळं घर एकदम परकं दिसायला लागलं. मी बघितलं. तिनेही बघितलं असणार. मी काय म्हणते याची ती वाट बघत थांबली.

"नको, परत घे," मी म्हटलं. "तुझाच बरोबर होता."

इतकी वर्षं काउंटरमागे उभी आहे, पण हे वाक्य त्याआधी मी कुणाला म्हटल्याचं मला आठवत नाही.